धर्मकाट्याची नवी स्क्रीन

पन्नाशीनंतर माणसाने नवीन काही शिकू नये, असं माझं मत नाही. शिकावं. पेटी शिकावी, पोहणं शिकावं, फार तर जावयाशी बोलायला शिकावं. पण सॉफ्टवेअरला नवं रूपडं कसं द्यायचं हे शिकू नये, आणि शिकलंच तर चौबे कॉलोनीत कोणाला सांगू नये. मी शिकलो आणि सांगितलंही.

सुरुवात 'अंकल' या शब्दापासून झाली. आमच्या शहराबाहेर भनपुरीला, ट्रकांच्या नाक्याजवळ एक मोठा धर्मकाटा आहे. धर्मकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला भला मोठा लोखंडी पाट. त्याच्यावर ट्रक उभा राहतो आणि बाजूच्या खोलीत त्याचं वजन उमटतं. आधी भरलेला ट्रक तोलायचा, मग रिकामा तोलायचा. वजाबाकी केली की निघतो तो माल. या वजाबाकीचं सॉफ्टवेअर माझं. बावीस वर्षांपूर्वी एकट्याने लिहिलं. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, खाली एफ वन ते एफ ट्वेल्व्ह अशी बटणांची यादी. बावीस वर्षांत ते एकदाही बंद पडलं नाही. आमच्या घरचा पंखासुद्धा असं सांगू शकत नाही.

काट्याच्या मूळ मालकांनी गेल्या दिवाळीला कारभार मुलाकडे सोपवला. मुलगा पियुष, बाहेरून शिकून आलेला. त्याने पहिल्याच दिवशी माझ्या निळ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, बुरा मत मानना. ये तो म्यूज़ियम में रखने वाली चीज़ है."

त्याच्या वडिलांनी मला बावीस वर्षं 'डोर्लीकर साहब' म्हटलं होतं. मी कसनुसं हसलो.

"पंद्रह दिन में कुछ मॉडर्न बना दीजिए. नहीं तो दूसरी कंपनीवाले डेमो देने को तैयार बैठे हैं."

आता हे नीट समजून घ्या. भनपुरीतले बाकीचे सात काटे या काट्याकडे पाहून चालतात. इथे माझं सॉफ्टवेअर आहे म्हणून तिथेही आहे. इथून ते निघालं की सात ठिकाणांहून निघणार, आणि रामकृष्ण डोर्लीकर नावाचा एक माणूस, जो स्वतःला प्रोग्रामर म्हणवतो, तो उद्यापासून फक्त मीनाक्षीचा नवरा म्हणून उरणार. मीनाक्षी ही माझी बायको. ती शाळेत गणित शिकवते, आणि तिची नोकरी अजून म्यूज़ियममध्ये ठेवायची झालेली नाही.

"अहो, मंग करा नं नवीन," ती म्हणाली. "इतकं तोंड पाडून काहून बसले? पोट्टी कशाले शिकवली आपण?"

पोट्टी म्हणजे कौमुदी. हैदराबादला एका कंपनीत अॅपच्या स्क्रीना कशा दिसाव्या हेच ठरवण्याचं काम करते. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती आम्हाला हिंदीत उत्तरं देते, आणि याचं आता कोणालाच काही वाटत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला माझी निळी स्क्रीन दाखवली. 

"बाबा, ये चलता है?"

"बावीस वर्षांपासून चालून राहिलं आहे, बेटा."

"लोग रोज़ देखते हैं इसको?" तिच्या आवाजात त्या लोकांबद्दल खरी करुणा होती.

मग तिने मला नवं शास्त्र शिकवलं. तेही एकाच रविवारी; बाकी तिने लिंका पाठवल्या. या शास्त्राचा पहिला नियम असा की जागा मोकळी सोडायची. हा नियम आत्मसात करायला मला फार त्रास झाला. आम्ही रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात वाढलेली माणसं. मोकळी जागा दिसली की तिथे खाट टाकायची, हा आमच्याकडचा संस्कार. दुसरा नियम, अक्षरं बारीक आणि फिकी राखाडी असावीत, म्हणजे डोळ्यांना शांत वाटतं. तिसरा, सगळं एकदम दाखवायचं नाही. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा काढायच्या आणि कामाच्या गोष्टी त्यांच्यामागे लपवायच्या. का लपवायच्या, हे मी विचारलं. कौमुदी म्हणाली, "ताकि यूज़र डिस्कवर करे." ट्रकवाल्याला भर दुपारी काय डिस्कवर करायचं असतं हे मला माहीत होतं, तरी मी तीन रेघा काढल्या.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा होता: जे वापरणार त्यांना विचारा, त्यांच्यासमोर ठेवा, आपण गप्प बसून पाहा. पाच माणसं पुरतात, असं एका लिंकेत लिहिलं होतं.

धर्मकाट्यावर माझं सॉफ्टवेअर चालवणारा माणूस एकच. नत्थू. नत्थूराम निषाद. एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसला आहे. त्याला विचारावं हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण भनपुरी लांब, धूळ अशी की चष्मा काढला की चेहऱ्यावर चष्मा उरतो, आणि नत्थूचं छत्तीसगढी बोलणं म्हणजे 'हव'. काहीही विचारा, हव. तो हव म्हणजे होकार की 'ऐकलं' की 'जा आता', हे मला एकोणीस वर्षांत कळलेलं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर, ज्याने अख्खं सॉफ्टवेअर लिहिलं त्याने बटण दाबणाऱ्याला जाऊन विचारायचं, हे मला जड जात होतं. म्हणून मी पाच माणसं कॉलोनीतूनच गोळा केली.

"पाच यूजर म्हंजे पंचवीस साबुदाणा वडे," मीनाक्षीने हिशेब सांगितला. "आणि तुमचे यूजर बायकोले घेऊन येतील ते निराळे."

यूजर बायकोला घेऊनच आले. रणजितराव टेंभेकर आले, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या सौभाग्यवती सुशीलाकाकू आल्या, ज्यांनी वास्तुशास्त्राचा पत्रद्वारा अभ्यासक्रम केलेला आहे आणि कॉलोनीतले चार संडास हलवलेले आहेत. विमावाला शेखर आला. आणखी तिघं आले, पण ते फक्त वड्यांबद्दल बोलले म्हणून त्यांची नावं सांगत नाही. मी दिवाणखान्यात कौमुदीने वाढदिवसाला घेऊन दिलेला सत्तावीस इंची मॉनिटर मांडला, नवी स्क्रीन लावली आणि शास्त्राप्रमाणे गप्प बसलो.

गप्प बसणं हे या मंडळींसमोर आपोआपच घडतं.

"रामभाऊ, इंटरलॉकिंग कुठी आहे?" रणजितरावांनी पहिला प्रश्न टाकला.

"कशाचं?"

"अरे, सिग्नल पडल्याबिगर पॉइंट हालत नाही, पॉइंट बसल्याबिगर सिग्नल पडत नाही. सदतीस वर्षं नोकरी केली, एक एक्सिडेंट नाही. तुझ्या इथं माणूस भसकन बटण दाबते अन् वजन लिहून मोकळा. हे चालते का? प्रत्येक पायरीले विचार, नक्की का म्हणून."

शास्त्रात लिहिलं होतं, यूजरचं ऐका. मी लिहून घेतलं: प्रत्येक पायरीला नक्की का.

सुशीलाकाकूंनी चष्मा वर करून स्क्रीनचे चार कोपरे पाहिले. "वर म्हंजे उत्तर न? मंग हे पावती रद्द करायचं बटण ईशान्येत ठेवलं तुम्ही! देवाची जागा आहे ते भाऊ. तिथं कोणी खोडखाड करते का? याले नैर्ऋत्येत टाका. खाली, डावीकडे, पार कोपऱ्यात. जड वस्तू तिथंच पाहिजे."

मी म्हटलं, हे बटण आहे, जड नाही. त्या म्हणाल्या की आमच्या जिन्यालाही मी असंच म्हटलं होतं आणि त्या वर्षी माझं पित्त वाढलं होतं. ते खरं होतं. बटण नैर्ऋत्येत गेलं.

शेखरला रोज एक सुविचार हवा होता. "माणूस सकाळी सकाळी कॉम्प्यूटर खोलते, त्याले पॉझिटिव वाटलं पायजे." आणि स्वयंपाकघरातून मीनाक्षीने ओरडून सांगितलं की ते दर दोन मिनिटांनी टूं टूं वाजतं ते आधी बंद करा, दुपारची झोप लागत नाही. वजन स्थिर झालं की माझं सॉफ्टवेअर एकदा वाजायचं, पावती जमा झाली की दोनदा. बावीस वर्षांपूर्वीची सवय. मी आवाज काढून टाकला. नवं शास्त्र शांततेचंच होतं, त्यामुळे माझ्या मनाला त्याचं काही वाटलं नाही.

सगळे जाताना म्हणाले, झकास झालं आहे. यांच्यापैकी एकानेही आयुष्यात धर्मकाटा पाहिलेला नव्हता.

आता मधला एक किस्सा सांगितलाच पाहिजे, कारण त्यात माझे दोन दिवस आणि बरीचशी अब्रू गेली. काट्यावर यंत्रात किंवा त्याच्या जोडणीत काही बदल केला की एका कार्यालयात कळवावं लागतं, असं पियुषच्या मुनीमजींनी सांगितलं. कार्यालयाचं नाव घेत नाही; मला तिथे पुन्हा जायचं आहे. खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: स्क्रीनचा रंग. पुढे दोन चौकटी, हिरवा आणि पिवळा.

"साहब, मेरी स्क्रीन सफ़ेद है," मी म्हटलं.

बाबूंनी फॉर्म माझ्या हातातून घेऊन वाचला, उलटून पाहिला, परत दिला. "सफ़ेद नहीं है इसमें."

"पहले नीली थी. तब क्या लिखा था?"

त्यांनी जुनी फाईल काढली. बावीस वर्षांपूर्वी माझ्याच हस्ताक्षरात पिवळ्यावर टिक केलेली होती. "तब आपको पीला चल गया, अब क्या तकलीफ़ है?"

मी म्हटलं, अक्षरं पिवळी होती म्हणून. ते म्हणाले, मग आताची अक्षरं कोणती? मी म्हटलं, फिकी राखाडी. त्यावर ते माझ्याकडे इतक्या दयेने पाहू लागले की मला कौमुदीची आठवण आली. शेवटी मी कचहरीसमोरच्या टायपिस्टकडून एक शपथपत्र करून आणलं, की मी, रामकृष्ण वल्द महादेव डोर्लीकर, शपथेवर लिहून देतो की सदर स्क्रीन दिसायला पांढरी असली तरी शासकीय कामापुरती ती पिवळी समजण्यास माझी हरकत नाही. बाबू खूश झाले. असं स्वच्छ लिहून देणारे लोक कमी राहिले, म्हणाले.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, नव्या स्क्रीनचं उद्घाटन ठरलं. पियुषने झेंडूच्या माळा लावल्या, गुरुजी बोलावले, नारळ आणला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. आणि माझे पाचही यूजर, सहकुटुंब, एका ओळखीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने आपलं योगदान बघायला भनपुरीत आले. मी बोलावलं नव्हतं. पण सुशीलाकाकूंना आपलं नैर्ऋत्येचं बटण जागेवर बसलं की नाही ते पाहायचं होतं.

खोलीत नत्थू नेहमीच्या खुर्चीत होता. साठीकडे झुकलेला, गळ्यात गमछा, कपाळाला पूजेचा टिळा.

"नत्थू, देख, किती सोपं केलं मी. आता एफ टू, एफ फाइव लक्षात ठेवायचं कामच नाही. माऊस पकडायचा अन् दाबायचं."

"हव," नत्थू म्हणाला आणि माऊस दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

पहिला ट्रक आला, कोंड्याने भरलेला. नत्थूने नाक स्क्रीनला लावलं. फिकी राखाडी अक्षरं चौबे कॉलोनीतल्या दिवाणखान्यात सुंदर दिसली होती. भनपुरीच्या उन्हात, धूळ बसलेल्या जुन्या पंधरा इंची मॉनिटरवर ती दिसतच नव्हती. तरी मी खांद्यावरून बोट दाखवत गेलो आणि ट्रक तोलला गेला. प्रत्येक पायरीला 'नक्की का' विचारलं गेलं. गाडी नंबर नक्की का. वजन नक्की का. हे नक्की तुम्हाला नक्की करायचं आहे का. जुन्या पद्धतीत एक ट्रक एका मिनिटात जायचा. या ट्रकाला सहा मिनिटं लागली. टाळ्या वाजल्या. ट्रक शेजारच्या गोदामात माल उतरवायला गेला. मागे रांगेत हॉर्न वाजायला लागले.

पुढच्या ट्रकांनी पाऊण तास खाल्ला. पियुष सारखा घड्याळ पाहत होता. मी घामाने इतका निथळलो की गुरुजींनी मला तीर्थ दिलं. आणि मग तो पहिला ट्रक रिकामा होऊन परत आला, काट्यावर चढला, ड्रायव्हर उतरून बाजूला उभा राहिला.

याच क्षणी शेखरच्या मनात आलं की एक ग्रुप फोटो झाला पाहिजे. मागे ट्रक, पुढे झेंडूची माळ, वर धर्मकाट्याची पाटी. माझे पाच यूजर, त्यांच्या बायका आणि उरलेला प्रसाद घेऊन गुरुजी, असे अकरा जण हसत हसत लोखंडी पाटावर ट्रकाच्या पुढे ओळीने उभे राहिले. रणजितरावांनी मधली जागा घेतली.

आत नत्थू स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला होता. मीही. आम्ही दोघंही नक्की का, नक्की का, हो, हो, असं करत होतो. बाहेर कोणी पाहिलंच नाही. पावती निघाली.

दहा मिनिटांनी गोदामाचा मुनीम आणि ट्रकचा ड्रायव्हर, दोघंही एकाच वेळी ओरडत आत आले.

"मेरी गाड़ी में से साढ़े सात क्विंटल भूसा कम बता रहा है!" ड्रायव्हरने पावती टेबलावर आपटली. "मैंने रास्ते में बेच खाया क्या? बाल-बच्चेवाला आदमी हूँ!"

मला उमगायला वेळ लागला. रिकाम्या ट्रकाचं वजन साडेसात क्विंटलने वाढलं, म्हणून माल तेवढाच घटला. वाढलेलं वजन म्हणजे चौबे कॉलोनी होती. हे मी हळू आवाजात सांगितलं. पण पियुषने मोबाईलवर भागाकार केला आणि मोठ्याने म्हणाला, "ग्यारह लोग, सरासरी अड़सठ किलो."

सुशीलाकाकू लाल झाल्या. "माझं छप्पन्न आहे," त्यांनी सगळ्यांना उद्देशून जाहीर केलं. "मंग कोणाचं तरी ऐंशी आहे." सगळे रणजितरावांकडे पाहू लागले.

"पर्ची कैंसल करो," पियुष म्हणाला. "अंकल, जल्दी."

मी माऊस खाली नेला. डावीकडे नेला. पार कोपऱ्यात नेला. पावती रद्द करायचं बटण तिथे नव्हतं. माझ्या सत्तावीस इंची मॉनिटरवर ते नैर्ऋत्येत होतं; नत्थूच्या पंधरा इंचीवर नैर्ऋत्य स्क्रीनच्या बाहेर गेली होती. मी तीन आडव्या रेघा दाबल्या. त्यांच्यामागून सुविचार निघाला: संयम हेच यशाचं गमक आहे. ड्रायव्हरला वाचता येत होतं, हे दुर्दैव.

रांग आता हमरस्त्यापर्यंत गेली होती. हॉर्नांचा असा गलका होता की माझे यूजर ट्रॅव्हल्सच्या गाडीत जाऊन काचा चढवून बसले. कोणीतरी खिडकीतून आत डोकं घालून मला एक शिवी दिली, छत्तीसगढीत. नेमकी कळली नाही, पण भावार्थ पोचला.

तेव्हा नत्थू पहिल्यांदा 'हव' सोडून काही बोलला. "साहेब, जुन्ना वाला लगा देव."

जुनं लावा. माझ्या पिशवीत पेन ड्राइव्ह होता. प्रोग्रामर माणूस जुनं कधी फेकत नाही. मी निळी स्क्रीन परत आणली. नत्थूने खुर्ची फिरवली, स्क्रीनकडे पाठ नाही पण कूसच केली म्हणा, तोंड खिडकीकडे, आणि उजवा हात कीबोर्डवर ठेवला. टूं. ट्रक हालला. टूं टूं. पावती निघाली. खिडकीतून तो ओरडला, "ए, पाछू चक्का चढ़ा!" एका ट्रकाचं मागचं चाक पाटाच्या बाहेर होतं. मला ते दिसलंच नव्हतं. कोंड्याचा ट्रक पुन्हा तोलला गेला आणि ड्रायव्हर निर्दोष सुटला. दोन तासांत रांग संपली. या दोन तासांत नत्थूने स्क्रीनकडे किती वेळा पाहिलं ते मी मोजलं. चार वेळा.

पियुष मला बाजूला घेऊन गेला. तो चिडला नव्हता, हे जास्त लागलं. "अंकल, आपने मेहनत की. पर सोमवार को मैं उन लोगों को बुला लेता हूँ."

घरी आलो तेव्हा मीनाक्षीने चहा दिला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मी चुकलो. ज्याले विचाराचं होतं त्यालेच विचारलं नाही."

"मंग उद्या जा नं त्याच्यापाशी," ती म्हणाली. "मी पोट्ट्यांले शिकवतो तवा त्यायच्या वहीत पाहतो. माह्या वहीत पाहून त्यायले काय समजन?"

शनिवारी सकाळी आठला मी भनपुरीत होतो. नत्थूच्या शेजारी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसलो, शास्त्राप्रमाणे गप्प, आणि या वेळी खरोखर गप्प. बघता बघता माझी मान खाली गेली, लाजेने. नत्थूचं सगळं काम खिडकीबाहेर होतं. सगळी चाकं पाटावर आहेत का. क्लीनर उतरला का, की मागच्या फळीला लटकला आहे. कोणी बाजूच्या दगडावर पाय देऊन भार तर देत नाही. भरलेला ट्रक जड दाखवायचा आणि रिकामा हलका, यासाठी लोक काय काय करतात ते तो पाहत होता, आणि त्याचे कान माझ्या टूंकडे होते. मी बावीस वर्षं स्वतःला सांगत होतो की लोक माझी स्क्रीन पाहतात. ती कोणी पाहतच नव्हतं, आणि म्हणून ती इतकी चांगली चालत होती.

दुपारी त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मी विचारलं, "नत्थू, तुले स्क्रीनवर काय पाहिजे?"

त्याने घास गिळला. "वजन बड़े-बड़े दिखय. अउ आवाज थोरिक जोर से." मोठं वजन, मोठा आवाज. मग खिडकीकडे बोट करून म्हणाला, "अउ ओला ओती सरका देव." स्क्रीन तिकडे सरकवा. खिडकीकडे.

एवढंच. एकोणीस वर्षांत त्याला कोणी हे विचारलं नव्हतं.

शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार मी ते केलं. कौमुदीने हैदराबादहून मदत केली, मी तिला नत्थूचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यही तो मैं बोल रही थी. लिंक पढ़ा नहीं ना पूरा?" मी म्हटलं, वाचलं होतं. म्हणाली, पर माना नहीं. पोरीला फार शिकवू नये.

सोमवारी दुसऱ्या कंपनीचे दोन जण आले, टाय लावून, फार सभ्य. त्यांची स्क्रीन खरंच देखणी होती. रंगीत आलेख, फिरणारी चक्रं. ते म्हणाले, ऑपरेटरने इथे पाहायचं, मग इथे, मग इथे. नत्थूने हव म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मग माझी पाळी. मी मॉनिटर खिडकीच्या चौकटीखाली लावला होता, म्हणजे ट्रकाकडे पाहता पाहता डोळा नुसता खाली आला तरी पुरे. काळ्या स्क्रीनवर वजनाचा एकच आकडा, वीतभर उंच, खाली गाडीचा नंबर. बाकी काही नाही. चुकलं तर खोडायला एकच कळ. माऊस मी घरीच ठेवला होता. जुन्या कळा तशाच, आणि टूं असं दणदणीत की बाहेरचा ड्रायव्हर दचकला.

पियुष मागे हात बांधून पाहत राहिला. 

"इतना खाली?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "अंकल, ये तो एकदम इंटरनेशनल है! मिनिमल! ये आपने किया?"

मी तोंड उघडलं होतं. बावीस वर्षांचा मान परत मिळत होता, पण बोलायच्या आधी पियुष नत्थूकडे वळला. "नत्थू, चलेगा?"

अठरा ट्रक झाले होते, अठरा मिनिटांत. नत्थूने बाहेरची नजर न काढता उत्तर दिलं.

"हव. चलही."

टायवाल्यांनी लॅपटॉप बंद केला, माझ्याशी हात मिळवला आणि मोठा तो म्हणाला, "सर, अच्छा सोचा है." सर म्हणाला. अंकल नाही.

पियुषने मला चहा पाजला, बाकीच्या सात काट्यांवरही हेच लावा म्हणाला, आणि मी इतका फुललो की तिथल्या तिथे आणखी एक गोष्ट करून टाकली. मला ती मनापासून करावीशी वाटत होती. स्क्रीनच्या तळाशी, एका ओळीत, मी लिहिलं: रचना – नत्थूराम निषाद, रामकृष्ण डोर्लीकर. त्याचं नाव आधी. आणि नत्थूला हाक मारून दाखवलं.

त्याने गमछ्याने हात पुसले, जवळ आला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. स्वतःच्या नावापाशी त्याचं बोट थांबलं. तो हसला; त्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. कोणालाही वाटावं की हा माणूस आज घरी जाऊन सांगणार. पुन्हा एकदा त्याने नाव वाचलं. तेवढ्यात बाहेर एक ट्रक काट्यावर चढला, टूं झालं, आणि नत्थूचे डोळे अजून त्या ओळीवरच होते. ते त्याच्याच लक्षात आलं. त्याने मान झटकून खिडकीबाहेर पाहिलं.

"नाव ला हटा देव साहेब," तो म्हणाला. "रोज ओही ला देखत रहिहूँ, त गाड़ी ला कोन देखही?"

मी नाव काढलं. त्याच्या शेजारचं माझंही काढलं.